तीन तारांची केबल

भोसरी, अंबड, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपमध्ये जाऊन पॅकिंग मशिनच्या पॅनेलचं दार उघडा. कॉन्टॅक्टर, एमसीबी आणि रिले यांच्या रांगेला चिकटून एक किडकिडीत डबी बसलेली असते. तिच्यावर ‘डेल्टा डीव्हीपी-१४एसएस२’ असं लिहिलेलं असेल, तर तिची रुंदी २५ मिलिमीटरच्या आसपास आणि उंची ९० मिलिमीटर असते. आठ इनपुट, सहा आउटपुट आणि २४ व्होल्ट डीसीचा सप्लाय एवढ्यावर ती मशिनचा सगळा कारभार पाहते. पिशवी जागेवर आली का, सिलिंगचा जबडा किती वेळ दाबायचा, कटर कधी मारायचा, हे सगळं तीच ठरवते. तैवानच्या डेल्टा कंपनीचा हा छोटा पीएलसी, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर.

आता समजा, पिशव्या नीट चिकटत नाहीत म्हणून सिलिंगचा वेळ दीड सेकंदावरून दोन सेकंदांवर न्यायचा आहे. प्रोग्राममध्ये त्यासाठी ‘टी०’ नावाचा टायमर आहे. तो १०० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी मोजतो, म्हणून त्याच्यापुढे ‘के१५’ लिहिलेलं आहे. त्याचं ‘के२०’ करायचं, एवढंच काम. लॅपटॉपमध्ये डब्ल्यूपीएलसॉफ्ट हे डेल्टाचं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर आहे, लॅडर, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रामची आकृती, वाचणारा माणूस हजर आहे, चहाही येऊन गेला. तरी काम अडतं, कारण डबीवर आठ पिनांची गोल खोबण आहे आणि लॅपटॉपला फक्त यूएसबी. मधली केबल ज्याच्याकडे असते, तो नेमका दुसऱ्या कारखान्यात गेलेला असतो.

ही केबल घरी करता येते. दोन कनेक्टर, तांब्याच्या तीन तारा आणि तासभराचं काम. पण तारा जोडल्या म्हणजे केबल झाली, असं नसतं. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कुठली तार कुठे जाते, त्या तारेवर किती व्होल्ट असतात, आणि त्या व्होल्टमधून दोन्ही बाजू कुठल्या भाषेत बोलतात. बहुतेक घरगुती केबली फसतात त्या पहिलीच गोष्ट पाहून उरलेल्या दोन गृहीत धरल्यामुळे.

वायरिंग बदलू नका, प्रोग्राम बदला

१९६०च्या दशकापर्यंत मोटारीच्या कारखान्यातलं नियंत्रण म्हणजे भिंतभर रिले असायचे. गाडीचं मॉडेल बदललं की कामाचा क्रम बदलायचा, आणि क्रम बदलला की शेकडो तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागायच्या. १९६८मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने या जंजाळाला पर्याय मागितला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. कंपनीचा हा ८४वा प्रकल्प होता, म्हणून यंत्राचं नाव पडलं ‘०८४’. त्यासाठी काढलेली कंपनी म्हणजे मॉडिकॉन. १९७९मध्ये याच मॉडिकॉनने यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याचा एक सोपा शिरस्ता जाहीर केला. तो मॉडबस. तैवानच्या कंपनीची आपली डबी आजही प्रोग्रामिंगच्या पोर्टवर तीच मॉडबस बोलते. त्या बोलण्याकडे आपण पुढे येऊच.

तारा उपसण्याऐवजी प्रोग्राम बदलायचा, तर यंत्राला एक दार हवं. डीव्हीपीचं ते दार म्हणजे ही गोल खोबण. हिला मिनी-डिन म्हणतात. ‘डिन’ ही जर्मनीची मानकं ठरवणारी संस्था. १९८७ नंतरच्या संगणकांचे गोल प्लगचे कीबोर्ड आणि माउस ज्यांनी वापरलेत, त्यांना याच घराण्यातला सहा पिनांचा भाऊ आठवेल. बाहेरचा व्यास तोच, साडेनऊ मिलिमीटर. आत फक्त पिना वेगळ्या.

कुठली तार कुठे

जुन्या संगणकाच्या मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असायचा. आज यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरच्या टोकाला तोच असतो. त्या नऊ पिनांपैकी आपल्याला खऱ्या कामाच्या तीनच. पिन २ वर संगणक ऐकतो, पिन ३ वर बोलतो, आणि पिन ५ म्हणजे ग्राउंड. डेल्टाच्या गोल खोबणीत पिन ४ वर पीएलसी ऐकतो, पिन ५ वर बोलतो, आणि पिन ८ ग्राउंड आहे. म्हणून जोडणी अशी:

संगणकाची पिन २ — पीएलसीची पिन ५
संगणकाची पिन ३ — पीएलसीची पिन ४
संगणकाची पिन ५ — पीएलसीची पिन ८

एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी. तोंडाला तोंड आणि कानाला कान जोडला, तर काही जळत नाही, पण संवादही होत नाही. गप्प बसलेल्या केबलमध्ये पहिला संशय याच दोन तारांच्या अदलाबदलीवर घ्यावा.

तिसरी तार लोक विसरतात. ‘सिग्नल तर दोनच आहेत, ग्राउंड कशाला?’ असं वाटतं. पण व्होल्टेज हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतं. इमारतीची उंची सांगायची, तर जमीन कुठे ते आधी ठरावं लागतं. ग्राउंडची तार म्हणजे दोघांनी मान्य केलेली ती जमीन.

नऊ पिनांच्या बाजूला आणखी दोन छोट्या जोडण्या असतात, आणि त्या पीएलसीपर्यंत जातच नाहीत. पिन ७ आणि ८ एकमेकींना जोडायच्या, पिन १, ४ आणि ६ एकमेकींना जोडायच्या. मोडेमच्या काळात संगणक बोलण्याआधी विचारायचा, ‘तयार आहेस का? बोलू का?’ आणि मोडेम वेगळ्या तारांवर होकार द्यायचा. पीएलसी असले शिष्टाचार पाळत नाही. म्हणून संगणकाचाच प्रश्न त्याच्याच कानात फिरवून द्यायचा. त्याला वाटतं, समोरून होकार आला.

खोबण तीच, आतला संसार वेगळा

गोल खोबणीत उरलेल्या पिनांपैकी १ आणि २ वर डेल्टाने ५ व्होल्टचा सप्लाय दिलेला आहे. केबलला तो लागत नाही. पण हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

अॅलन-ब्रॅडली कंपनीचा मायक्रोलॉजिक्स १००० हाही असाच छोटा पीएलसी. त्यालाही आठ पिनांची मिनी-डिन खोबण आहे, तोही डेल्टासारखाच आरएस-२३२ या सिरियल पद्धतीने बोलतो. मात्र त्याची पिन २ ग्राउंड आहे, पिन ४ वर तो ऐकतो आणि पिन ७ वर बोलतो. त्याची केबल डेल्टात अगदी बेमालूम बसते. बसली की डेल्टाच्या ५ व्होल्टला संगणकाचा ग्राउंड जाऊन टेकतो. दोन्ही बाजूंची अर्थिंग पॅनेलमध्ये एक झालेली असेल, तर थेट शॉर्ट. मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेतल्या अनेक पीएलसींनाही हीच खोबण आहे, पण ते आरएस-४२२ पद्धतीने बोलतात. तिथे प्रत्येक दिशेला दोन तारा असतात आणि अर्थ त्या दोन तारांमधल्या फरकात असतो. त्यामुळे साध्या तीन तारांची केबल तिथे चालतच नाही, मध्ये बदल करणारं सर्किट लागतं. तेव्हा प्लग बसला म्हणजे केबल बरोबर आहे, हा तर्क इथे कामाचा नाही.

दाब: शांततासुद्धा उणे असते

आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली आलं. त्यात ‘१’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट, आणि ‘०’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. मधला पट्टा कुणाचाच नाही. आपल्या सवयीच्या अगदी उलट, कारण आपल्याला वाटतं १ म्हणजे व्होल्टेज आहे आणि ० म्हणजे नाही. आणखी गंमत म्हणजे कुणी काहीच बोलत नसतं, तेव्हा तार ‘१’ वर थांबते. म्हणजे गप्प बसलेली बोलणारी पिन उणे व्होल्टेज दाखवते.

ही गोष्ट हातात मल्टिमीटर असलेल्या माणसासाठी सोन्यासारखी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब ग्राउंडला लावा आणि लाल प्रोब एकेका पिनेला अलगद टेकवा. उणे ५ ते उणे १२च्या आसपास आकडा आला, की ती बोलणारी पिन. ऐकणारी पिन शून्याजवळ राहते. अधिक ५ दिसले, की तो सप्लाय, तिथून हात लांब. कागद हाताशी नसतानाही खोबण आपली ओळख स्वतःच सांगते. फक्त एका वेळी दोन पिनांना प्रोब टेकू देऊ नका. खोबणीच्या भोकात जाड प्रोब घालण्यापेक्षा आपल्या केबलला मोकळ्या तारा ठेवून त्यांच्या टोकांवर मोजणं जास्त सुरक्षित.

इथेच आणखी एक घरगुती केबल मरते. बाजारात यूएसबी-टीटीएल नावाचं छोटं मॉड्यूल स्वस्तात मिळतं. त्यावरही ‘टीएक्स’, ‘आरएक्स’, ‘ग्राउंड’ लिहिलेलं असतं, म्हणून लोक तेच थेट जोडतात. पण ते शून्य आणि ५ व्होल्टमध्ये बोलतं, तेही उलट्या अर्थाने. त्याचा ‘१’ म्हणजे अधिक ५, आणि पीएलसीच्या दृष्टीने अधिक ५ म्हणजे ‘०’. वर पीएलसीचे उणे व्होल्ट त्या मॉड्यूलच्या इनपुटला सोसतील याची खात्री नाही. ते वापरायचंच असेल, तर मध्ये मॅक्स२३२ जातीची चिप हवी. १९८७मध्ये आलेली ही चिप कंडेन्सरांच्या मदतीने ५ व्होल्टमधून सुमारे अधिक १० आणि उणे १० व्होल्ट तयार करते आणि अर्थही उलटवते. सोपा मार्ग म्हणजे नऊ पिनांचं टोक असलेला तयार यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घ्या. हे सगळं त्याच्या पोटात आधीच असतं.

कन्व्हर्टर मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा. या चिपांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. ऑक्टोबर २०१४मध्ये एफटीडीआय या चिप कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून लोकांच्या संगणकांवर गेला, आणि त्याने नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला. जगभरच्या कित्येक केबली एका रात्रीत मुक्या झाल्या. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

जोडायला बसताना

साहित्य पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं: आठ पिनांचा सोल्डर करायचा मिनी-डिन प्लग, नऊ पिनांचा फिमेल कनेक्टर आणि त्याचं कव्हर, दोन मीटर तीन कोअरची शिल्डेड वायर, आणि थोडी हीट-श्रिंक स्लीव्ह. दुकानदाराला ‘पीएस-टूचा नको, आठ पिनवाला’ असं ठासून सांगावं, नाहीतर कीबोर्ड-माउसचा सहा पिनांचा हातात पडतो.

पहिला नियम: सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी प्लगचं बाहेरचं कव्हर तारेत ओवून घ्या. तिन्ही पिना चकचकीत सोल्डर झाल्यावर कव्हर टेबलावरच राहिलंय, हा अनुभव प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येतोच.

दुसरी अडचण आरशाची. मिनी-डिनच्या आठ पिना तीन ओळींत असतात, दोन, तीन आणि तीन. कागदावरची आकृती बहुतेक वेळा खोबणीकडे समोरून पाहून काढलेली असते. प्लग तिच्यात समोरासमोर घुसतो, म्हणून त्याच्या तोंडाकडून पाहिलं तर डावं-उजवं उलटतं. सोल्डर मागून करायचं, तिथे ते पुन्हा उलटतं. डोक्यात हिशेब करत बसू नका. नऊ पिनांच्या कनेक्टरवर प्लॅस्टिकमध्ये बारीक आकडे कोरलेले असतात, भिंग धरून ते वाचा. गोल प्लगच्या पिनांची ओळख मात्र मीटरच्या बझरवर पटवा. एक प्रोब पुढच्या पिनेला, दुसरी मागच्या खाचेला, ‘टीं’ वाजलं की मार्करने खूण.

तिसरी गोष्ट उष्णतेची. या प्लगच्या पिना मऊ प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या असतात. आयर्न चार सेकंदांहून जास्त टेकवलं की प्लॅस्टिक वितळतं, पिन तिरकी होते आणि मग प्लग खोबणीत शिरत नाही. यावरचा कारागिरांचा तोडगा म्हणजे सोल्डर करताना प्लग एखाद्या सुट्या, निकामी सॉकेटमध्ये खुपसून ठेवायचा. पिना सरळ राहतात. चालू पीएलसीची खोबण त्यासाठी वापरू नये, हे सांगायला नकोच.

वायरीच्या टोकाला आधी सोल्डर पाजून घ्या, खाचेतही थेंबभर घाला, मग दोन्ही एकत्र आणून आयर्न क्षणभर टेकवा. प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह चढवा, कारण शेजारची पिन अगदी जवळ असते. शिल्डची जाळी एकाच टोकाला, संगणकाच्या बाजूला कनेक्टरच्या धातूच्या अंगाला जोडा. दुसऱ्या टोकाला ती कापून झाकून टाका. दोन्हीकडे जोडली, तर पॅनेलमधला गोंगाट तिच्यातून वाहायला वाट मिळते.

मग बझरवर तपासणी. जोडलेल्या तीन वाटा आणि नऊ पिनांच्या बाजूच्या त्या दोन छोट्या जोडण्या वाजल्या पाहिजेत, आणि बाकी कुठलीही जोडी वाजता कामा नये. दुसरा अर्धा भाग लोक गाळतात, आणि शॉर्ट नेमका तिथेच लपतो.

कन्व्हर्टरचीही वेगळी परीक्षा घ्या. केबल न लावता त्याच्या पिन २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडा, टर्मिनलचा कुठलाही प्रोग्राम उघडा, लोकल इको बंद करा आणि टाइप करा. तुम्ही लिहिलेली अक्षरं स्क्रीनवर परत आली, तर कन्व्हर्टर, ड्रायव्हर आणि कॉम पोर्टचा नंबर, तिन्ही ठीक. आता उरलेला दोष फक्त केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये असू शकतो.

भाषा: सतरा अक्षरांचा प्रश्न

डेल्टाचं कारखान्यातून निघतानाचं सेटिंग असतं ९६००, ७, ई, १. म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, प्रत्येक अक्षराचे सात बिट, सम पॅरिटी, आणि एक स्टॉप बिट. सुरुवातीचा एक बिट धरला, तर एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. सम पॅरिटीचा अर्थ असा की ‘१’ बिटांची संख्या नेहमी सम भरली पाहिजे. आकडा १ पाठवताना सात बिटांत तीन ‘१’ येतात, म्हणून पॅरिटीचा बिट ‘१’ होऊन चार करतो. अपूर्णविरामाच्या चिन्हात ते आधीच चार असतात, म्हणून तिथे पॅरिटी ‘०’.

आता प्रत्यक्ष संभाषण ऐका. संगणकाला पीएलसीच्या ‘डी०’ या रजिस्टरमधला आकडा हवा आहे. तो तारेवर पाठवतो: आधी अपूर्णविराम, मग ०१, ०३, १०००, ०००१, ईबी, आणि शेवटी ओळ संपल्याच्या दोन खुणा. ०१ म्हणजे ‘स्टेशन एक’. ०३ म्हणजे ‘रजिस्टर वाच’. १००० हा डेल्टाने ‘डी०’ला दिलेला पत्ता. ०००१ म्हणजे ‘एकच हवं’. आणि ईबी हा पडताळा. हे सगळे आकडे षोडशमान पद्धतीतले, म्हणजे हेक्साडेसिमल. दोन-दोन अंक घेऊन दशमानात बेरीज करून पाहा: १, ३, १६, ०, ०, १ मिळून २१. ईबी म्हणजे २३५. २१ आणि २३५ मिळून बरोबर २५६. बेरीज २५६ भरली नाही, तर वाटेत काहीतरी बिघडलं, आणि पीएलसी तो प्रश्न टाकून देतो.

उत्तर येतं: अपूर्णविराम, ०१, ०३, ०२, ००१४, ई६. म्हणजे ‘स्टेशन एक, वाचलं, दोन बाइट आहेत, किंमत १४’. षोडशमानातले १४ म्हणजे आपले २०. प्रश्न सतरा अक्षरांचा, त्याला १८ मिलिसेकंदांच्या आत वेळ लागला. मॉडिकॉनने १९७९मध्ये ठरवलेला शिरस्ता आपण हाताने जोडलेल्या तीन तारांवरून असा चालतो.

म्हणूनच तारा बरोबर, व्होल्ट बरोबर, तरी ‘कम्युनिकेशन एरर’ येत असेल, तर सोल्डरिंग उपसू नका. आधी सेटिंग पाहा. आधीच्या प्रोग्रामरने ‘डी१०३६’ या रजिस्टरमधून वेग किंवा पॅरिटी बदलली असू शकते. डब्ल्यूपीएलसॉफ्टमध्ये सेटिंग आपोआप शोधायची सोय आहे, ती एकदा चालवून पाहावी.

लावण्याआधी

या केबलमध्ये आयसोलेशन नाही. लॅपटॉप आणि पीएलसी यांचे ग्राउंड तांब्याच्या तारेने थेट एक होतात. चार्जर भिंतीला असेल आणि तिथे अर्थिंग धड नसेल, तर लॅपटॉपचं अंग चार्जरमधल्या कंडेन्सरमुळे जवळपास निम्म्या मेन्स व्होल्टेजवर तरंगत असतं. हात लावल्यावर मुंग्या येतात, त्या यामुळेच. तोच दाब पोर्टमध्ये शिरतो. म्हणून चार्जर काढून बॅटरीवर काम करा, पीएलसीचा सप्लाय बंद असताना केबल लावा आणि मग सप्लाय द्या. केबल दोन मीटरच्या पलीकडे नेऊ नका आणि मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या (व्हीएफडीच्या) केबलींपासून दूर ठेवा. जुन्या मानकाने १५ मीटरची मुभा दिली असली, तरी ती व्हीएफडीच्या शेजारी बसण्याची नव्हे. जिथे मोठं मशिन आहे, पॅनेल जुनं आहे आणि अर्थिंगची खात्री नाही, तिथे घरगुती केबल घेऊन जाऊच नये. तिथे आयसोलेटेड कन्व्हर्टरच हवा.

संपर्क जुळल्यावर पहिलं काम ‘के१५’चं ‘के२०’ करणं हे नव्हे. आधी आतला प्रोग्राम लॅपटॉपवर ओढून घ्या आणि तारीख घालून जपून ठेवा. पीएलसीत नवा प्रोग्राम घातला की जुना पुसला जातो. मशिन थांबलेलं असू दे, जबड्याजवळ कुणाचा हात नाही याची खात्री करा, आणि मगच बदल लिहा.

काम संपलं की आणखी पाच मिनिटं द्या. गोल प्लग सगळे सारखेच दिसतात, हे आपण पाहिलं. सहा महिन्यांनी तुम्हालाही ही केबल कुठली ते आठवणार नाही. कागदाच्या चिठ्ठीवर ‘डेल्टा डीव्हीपी, २-५, ३-४, ५-८, ९६०० ७ई१’ एवढं लिहा, केबलला गुंडाळा आणि वर पारदर्शक टेप लावा. तशीच एक चिठ्ठी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवा. पुढच्या खेपेला ते दार उघडणारा माणूस तुम्ही नसाल.